दात आणि दप्तर

जबलपूरहून आग्नेय दिशेस निघालेला रस्ता मंडल्याला पोहोचतो, तेव्हा नर्मदेने त्या गावाला तीन बाजूंनी घातलेला वेढा प्रथम दृष्टीस पडतो. गढा-मंडल्याचे गोंड राज्य, राणी दुर्गावतीचे १५६४ सालचे बलिदान, १७४२ साली पेशव्यांच्या फौजेने मंडल्यावर केलेली चाल, त्याच शतकाच्या अखेरीस नागपूरकर भोसल्यांचा तेथे बसलेला अंमल आणि १८१८ च्या सुमारास तो संपून आलेले इंग्रजी राज्य, हा सारा इतिहास त्या पाण्याच्या काठी घडला. १९५६ पर्यंत जबलपूर आणि मंडला हे जिल्हे नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रदेशातच होते. त्यामुळे नर्मदेच्या त्या खोऱ्यातील गावांची दप्तरे दीर्घकाळ नागपूरच्या कचेऱ्यांत येत राहिली आणि अनेक मराठी कारकुनांच्या हाताखालून गेली.

त्या दप्तरांत एक नोंद आरोग्याची होती. मध्य प्रांतात प्रत्येक गावाला कोटवार नावाचा रखवालदार असे. गावात कोण जन्मले, कोण मेले आणि कशाने मेले, हे त्याने ठराविक दिवशी पोलीस ठाण्यात जाऊन सांगावे, अशी पद्धत होती. मृत्यूच्या कारणांसाठी छापील रकाने मोजकेच: पटकी, देवी, प्लेग, ताप, हगवण, श्वासाचे विकार, अपघात आणि शेवटचा 'इतर'. ज्याचा उलगडा होत नसे तो मृत्यू बहुधा 'तापा'त जाऊन पडे. ही पद्धत कितीही ओबडधोबड असली, तरी पटकीची साथ कोणत्या खेड्यातून कोणत्या खेड्याकडे सरकते आहे, हे तिच्यावरून कळत असे, आणि तेवढ्यापुरती ती उपयोगी होती. परंतु तिचा सारा रोख मृत्यूवर होता. जो रोग मारीत नाही, नुसताच माणसाला वाकवतो, त्याला कोटवाराच्या वहीत जागा नव्हती. दातांना तर नव्हतीच. दाताच्या दुखण्याने कोणी मरत नाही, आणि ज्याने कोणी मरत नाही त्याची सरकारला खबर कशाला हवी?

खरे पाहता, माणसाच्या शरीरात सर्वांत चोख दप्तर कोणी ठेवीत असेल तर ते दातच. हाड आयुष्यभर झिजते आणि पुन्हा भरते. त्यावरील जुनी खूण कालांतराने पुसली जाते. दाताचे तसे नाही. दातावरील कठीण शुभ्र कवच, ज्याला शास्त्रज्ञ दंतवल्क म्हणतात, ते हिरडीच्या आत असतानाच थराथराने घडते आणि एकदा घडले की ते घडविणाऱ्या पेशीच नाहीशा होतात. त्यानंतर त्यात दुरुस्ती नाही की खाडाखोड नाही. वरच्या पटाशीच्या पक्क्या दातांचे कवच जन्मानंतर तीन-चार महिन्यांनी घडू लागते आणि चौथ्या-पाचव्या वर्षी पुरे होते. पहिल्या पक्क्या दाढेचे जन्माच्या वेळी सुरू होऊन तिसऱ्या वर्षापर्यंत आटोपते. दुसऱ्या दाढेचे तिसऱ्या वर्षाच्या आसपास सुरू होऊन सातव्या-आठव्या वर्षापर्यंत चालते. या काळात मुलाला आलेला मोठा आजार, झालेली उपासमार किंवा पोटात गेलेले दूषित पाणी यांची निशाणी त्या त्या थरावर उमटते. एखाद्या मुलाच्या पटाश्या स्वच्छ आहेत आणि दुसऱ्या दाढा मात्र डागाळलेल्या आहेत, असे दिसले तर जाणत्याने समजावे की मूल चार-पाच वर्षांचे असताना त्याच्या पिण्याच्या पाण्यात काहीतरी बदल झाला. झाडाच्या बुंध्यातील वर्तुळांवरून दुष्काळाचे साल सांगावे, तसाच हा प्रकार आहे.

महाराष्ट्रात या विद्येचा प्रत्यय पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील पुरातत्त्वज्ञांनी दिला. शिरूर तालुक्यातील इनामगाव येथे १९६८ पासून बारा-पंधरा वर्षे चाललेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची वस्ती सापडली. घरांच्या जमिनीखाली पुरलेल्या मुलांचे सांगाडे निघाले. सुभाष वाळिंबे आणि अमेरिकन मानवशास्त्रज्ञ जॉन लुकाक्स यांनी त्यांचे दात तपासले आणि दंतवल्कातील खळग्यांवरून व किडीवरून त्या बालकांच्या पोषणाचा व खाण्यापिण्याचा विचार केला. तीन हजार वर्षांपूर्वीची आई काय जेवत होती हे कोणत्याही शिलालेखात नाही. त्याचा थोडाबहुत माग तिच्या बाळाच्या दुधाच्या दातांवर राहिला.

जिवंत माणसांचे हे दप्तर वाचण्याची कला मात्र विसाव्या शतकाच्या आरंभी जन्मास आली, आणि तिच्या जन्माची कथा अशी आहे की ती सविस्तर सांगितल्याशिवाय मंडल्याची कथा समजणार नाही. १९०१ साली जे. एम. ईगर नावाचा एक अमेरिकन सरकारी डॉक्टर इटलीतील नेपल्स बंदरावर अमेरिकेला निघालेल्या प्रवाशांची तपासणी करीत असे. विशिष्ट गावांच्या लोकांचे दात तपकिरी आणि डागाळलेले असतात, हे त्याच्या ध्यानी आले आणि त्याने ते लिहून ठेवले. त्याच साली फ्रेडरिक मॅके नावाचा तरुण दंतवैद्य कोलोरॅडो स्प्रिंग्ज या डोंगरी गावात व्यवसाय करण्यास आला आणि तेथील मुलांच्या दातांवर तसलेच डाग पाहून चक्रावला. गावकऱ्यांना त्याचे काही वाटत नव्हते. दंतवैद्यांना त्याचे नाव ठाऊक नव्हते आणि ग्रंथांत त्याचा उल्लेख नव्हता. १९०९ साली त्या काळचे अमेरिकेतील सर्वांत नामांकित दंतशास्त्रज्ञ ग्रीन ब्लॅक त्याच्या बोलावण्यावरून तेथे आले, आणि १९१५ साली मृत्यू येईपर्यंत ते या कोड्याच्या मागे लागून राहिले. हे दात डागाळलेले असूनही किडत मात्र कमी, ही चमत्कारिक गोष्ट दोघांच्याही लक्षात आली.

कोड्याची पहिली गाठ सुटली ती आयडाहो राज्यातील ओकली या खेड्यात, आणि ती आयांच्या चौकसपणामुळे. १९२३ साली मॅके तेथे गेला, तेव्हा आयांनी त्याला सांगितले की गावाने दूरच्या एका कोमट झऱ्याचे पाणी नळाने आणल्यापासून मुलांचे दात बिघडू लागले. खाजगी झऱ्याचे पाणी पिणारी थोडी मुले होती, त्यांचे दात चांगले होते. मॅकेने सल्ला दिला की नळ सोडून द्यावा. गावाने दोन वर्षांनी तो सोडला, आणि त्यानंतर वाढलेल्या मुलांचे दात पुढे स्वच्छ आले. पाण्यात नेमके काय होते, हे मॅकेला तेव्हाही सांगता येत नव्हते. ते सांगितले आर्कान्सामधील बॉक्साइट या गावाने. हे गाव ॲल्युमिनियम काढणाऱ्या कंपनीचे. १९०९ साली तेथे खोल विहिरींचे पाणी सुरू झाले आणि त्यानंतरच्या मुलांचे दात डागाळले. आधी वाढलेल्या माणसांचे नाहीत. कंपनीचा मुख्य रसायनज्ञ चर्चिल याला निराळीच चिंता होती. ॲल्युमिनियमची भांडी विषारी असतात अशी आवई त्या काळी उठली होती, आणि गावच्या दातांचा दोष आपल्या धातूवर येईल, ही त्याला भीती होती. १९३१ साली त्याने ते पाणी प्रयोगशाळेत कसून तपासविले, तेव्हा त्यात लिटरमागे तेरा-चौदा मिलिग्रॅम फ्लोराइड सापडले. धंद्याच्या अब्रूपायी घडलेले हे संशोधन विज्ञानाच्या चांगलेच उपयोगी पडले.

यानंतर अमेरिकेच्या सरकारी आरोग्य खात्यातील ट्रेंडली डीन या दंतवैद्याने जे केले, ते दप्तराच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे. त्याने डागांची प्रतवारी ठरविली: निर्दोष, शंकास्पद, अतिसौम्य, सौम्य, मध्यम आणि तीव्र. पहिली मांडणी १९३४ ची, सुधारलेली १९४२ ची. प्रत्येक पायरीला अंक दिला. गावातील मुलांच्या अंकांची सरासरी शून्य दशांश सहाच्या वर गेली, तर पाण्याची चौकशी करावी, असा दंडक बसला. आतापर्यंत 'दात वाईट' एवढेच म्हणता येत होते. आता एका गावची दुसऱ्या गावाशी आणि आजची दहा वर्षांनंतरच्या स्थितीशी तुलना करता येऊ लागली. कोटवाराच्या वहीत जो रकाना नव्हता, तो डीनने आखून दिला.

भारतात या रोगाची ओळख पटली ती मद्रास इलाख्यात. नेल्लोर जिल्ह्यातील माणसांचे ताठलेले कणे आणि डागाळलेले दात यांचा अभ्यास करून हेन्री शॉर्ट आणि त्यांचे सहकारी यांनी १९३७ साली तो प्रसिद्ध केला. हेच शॉर्ट पुढे हिवतापाच्या जंतूचा यकृतातील मुक्काम शोधून काढणाऱ्यांपैकी एक म्हणून जगप्रसिद्ध झाले. त्यानंतर १९७३ साली हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील कृष्णमाचारी आणि कृष्णस्वामी यांनी नळगोंडा भागात निराळेच रूप दाखविले. तेथे कोवळ्या वयाच्या मुलांचे गुडघे आत वळून एकमेकांस लागत होते आणि पाय खाली फाकत होते. फ्लोराइड जास्त आणि अन्नात कॅल्शियम थोडे, अशा दुहेरी संकटात वाढणारे हाड असे वाकते.

आता हापशाचा विचार केला पाहिजे, कारण मंडल्यातील रोगाच्या कथेत तोच मुख्य आहे. शतकानुशतके खेड्यातील माणसे ओढा, झिरा किंवा उथळ विहीर यांचे पाणी पीत आली. ते पाणी घाण असे. त्यातून पटकी येई, हगवण येई, नारू येई. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने हे हाल पुरते पाहिले. खडकात खोल भोक पाडून वर हातपंप बसवावा, ही युक्ती त्या काळी पसरली. पण ओतीव लोखंडाचे जुने पंप घरगुती वापरासाठी बनविलेले, ते गावभराच्या घागरींचा मारा सोसू शकत नसत. मजबूत पंपाचा शोध मराठी मुलखातच लागला. आधी जालन्याचा पंप निघाला, मग सोलापूरचा. आणि सोलापूरच्या पंपावरूनच पुढे सुधारून 'इंडिया मार्क दोन' हा हातपंप सत्तरच्या दशकात तयार झाला. युनिसेफच्या साहाय्याने तो देशभर गेला. लाखो खेड्यांना त्याने स्वच्छ पाणी दिले. देशातून नारू हटला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र दिले, त्यात या हापशाचा वाटा मोठा आहे. त्याची निंदा करणे कृतघ्नपणाचे होईल.

परंतु खोल खडकातील पाणी म्हणजे दीर्घकाळ दगडाशी संगत केलेले पाणी. अभ्रक, ॲपेटाइट, फ्लोराइट अशा खनिजांतून ते फ्लोराइड उचलते. त्यास रंग नाही, वास नाही, चव नाही. पटकीचे जंतू नाहीत म्हणून 'शुद्ध' ठरलेल्या पाण्यात ते निमूटपणे राहते. शिवाय एकाच गावात एक हापसा वाईट आणि त्यापासून थोड्याच अंतरावरचा चांगला, असे घडू शकते; कारण भोके निरनिराळ्या फटींतून पाणी उचलतात. जिल्ह्याची सरासरी काढून येथे काहीच उमगत नाही.

जबलपूर येथे १९८४ साली भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने आदिवासींच्या आरोग्यासाठी एक संशोधन केंद्र स्थापन केले. पुढे ते राष्ट्रीय जनजाती आरोग्य संशोधन संस्था या नावाने ओळखले जाऊ लागले. गोंड आणि बैगा यांच्या प्रदेशाच्या उंबरठ्यावर अशी संस्था असावी, हे फार दिवसांचे देणे होते. या मुलखात आधी काही झाले नव्हते असे नाही. पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघातून आलेले शामराव हिवाळे आणि त्यांचे मित्र व्हेरिअर एल्विन यांनी १९३२ पासून मैकल डोंगरात, करंजिया आणि पाटणगढ येथे, दवाखाने आणि शाळा चालविल्या. हिवाळे हे मराठी मनुष्य. त्यांनी परधान जमातीवर लिहिलेला ग्रंथ अभ्यासकांना परिचित आहे, पण त्यांच्या औषधपेटीची आठवण महाराष्ट्राने फारशी ठेवली नाही. तथापि दोन माणसांचा दवाखाना निराळा आणि शास्त्रीय पाहणी निराळी.

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात या संस्थेचे डॉ. तपस चकमा आणि त्यांचे सहकारी मंडला जिल्ह्यातील तिलईपानी आणि हिरापूर या दोन गावांत गेले. तिलईपानीच्या नावातच पाणी आहे. तेथील वीस वर्षांखालील मुलामुलींपैकी सुमारे निम्म्यांचे गुडघे आत वळलेले होते आणि दात तर त्याहूनही अधिक जणांचे डागाळलेले. हापशांच्या पाण्यात फ्लोराइड होते ते सुरक्षित मानलेल्या मर्यादेच्या कित्येक पट. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरमागे दीड मिलिग्रॅम. भारतीय मानकाप्रमाणे एक मिलिग्रॅमच असावे, दुसरे पाणीच नसेल तर दीडपर्यंत चालवून घ्यावे. या पाहणीचा निबंध २००० साली 'फ्लोराइड' या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ज्यांना ओढ्याच्या पाण्यापासून वाचविण्यासाठी सरकारने खर्च करून पंप बसविला, त्यांचीच मुले त्या पंपाने वाकली. यात कोणाचा दुष्टावा नव्हता, म्हणूनच ही घटना अधिक विचार करायला लावते.

उपाय दोन्ही अंगांनी झाले. वाईट पाण्याऐवजी दुसरे पाणी देणे हा पहिला. जेथे दुसरे पाणी नाही तेथे त्यातील फ्लोराइड काढावे लागते, आणि त्याची भारतीय रीत नागपुरात तयार झाली. १९५८ साली नागपूर येथे स्थापन झालेली केंद्रीय लोकस्वास्थ्य अभियांत्रिकी संशोधन संस्था, जी पुढे 'नीरी' या नावाने प्रसिद्ध झाली, तेथील बुलुसु, नवलाखे, कुलकर्णी आणि पाठक यांनी १९७५ च्या सुमारास 'नळगोंडा पद्धती' मांडली. तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर ठराविक प्रमाणात पाण्यात घालून ढवळावे, गढूळ पुंजके जमून खाली बसू द्यावेत आणि वरचे पाणी गाळून घ्यावे. पावसाळ्यात गढूळ घागरीत तुरटी फिरविणाऱ्या आजीला यातले अर्धे शास्त्र ठाऊकच होते. अडचण आहे ती रोजच्या रोज कोणी करावे याची, आणि तळाशी जमलेल्या गाळाची.

दुसरा उपाय ताटातला. कोदो-कुटकीच्या पेजेवर वाढणाऱ्या मुलाला कॅल्शियम कोठून मिळणार? जबलपूरच्या संशोधकांनी कॅल्शियम, क जीवनसत्त्व आणि लोह वाढविण्यावर भर दिला, आणि त्यासाठी पहिल्या पावसाबरोबर बांधाबांधावर आपोआप उगवणाऱ्या एका भाजीकडे बोट दाखविले. तिला त्या बाजूला चकोडा म्हणतात. कोकणात तीच टाकळा आणि विदर्भात तरोटा. गरिबाची म्हणून हिणवलेली ही पालेभाजी कॅल्शियमने समृद्ध आहे.

येथे एक प्रश्न उभा राहतो. तिलईपानीच्या मुलांच्या तोंडात हे सारे लिहिलेले होते. ते वाचायला इतका वेळ का लागला? पहिले कारण असे की दात उशिरा बोलतात. दोन वर्षांच्या वयात बिघडलेली पटाशी हिरडीतून बाहेर येते ती सातव्या वर्षी. हे पत्र पाच वर्षे टपालात पडून राहते. मात्र फ्लोराइड फारच जास्त असेल तर दुधाच्या दाढाही डागाळतात, आणि त्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच दिसतात. थोरल्याचे पाय वाचले नाहीत तरी धाकट्याचे वाचविता येतील, एवढी सवड त्या देतात. दुसरे कारण असे की ज्यांनी हे डाग पाहिले त्यांच्याजवळ ते टिपून ठेवण्याची आणि पाणीपुरवठा खात्याच्या कानावर घालण्याची वाट नव्हती. दाताचा डॉक्टर आरोग्य खात्याचा, हापसा अभियंत्याचा. दोघांची दप्तरे निरनिराळ्या कपाटांत.

ही कपाटे एकत्र करण्याची आशा गणकयंत्राने निर्माण केली. त्याचा आरंभ दिसतो तितका अलीकडचा नाही. १९७० साली बुखारेस्ट येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय दंतवैद्यक संघाच्या सभेने प्रत्येक दाताला दोन अंकी क्रमांक देण्याची पद्धत स्वीकारली. उजवीकडची वरची पटाशी अकरा, डावीकडची एकवीस, खालची डावी पहिली दाढ छत्तीस. बोलायला सोपी, लिहायला सोपी आणि यंत्रात घालायला सोपी अशी पद्धत हवी, असा विचार त्यामागे होता. १९७२ पासून डेन्मार्कने आपल्या शाळकरी मुलांच्या दातांची राष्ट्रीय नोंद सुरू केली; तेथे तपासणारा दंतवैद्य जे रोजच्या कामात पाहतो तेच देशाच्या दप्तरात जाते. अमेरिकेतील काही दंतमहाविद्यालयांनी आपापल्या रुग्णांच्या विद्युत्-नोंदी नावगाव काढून एका ठिकाणी जमविल्या आणि त्या संग्रहाला 'बिगमाउथ' असे विनोदी नाव दिले.

मोठ्या संख्येने तोंडे तपासण्यात भारत मागे नव्हता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, जेथे अणू आणि गणित यांचीच चर्चा चाले, तेथे एक दंतसंशोधन विभागही होता. फली मेहता, डॅनिश शास्त्रज्ञ पिंडबोर्ग, प्रकाश गुप्ता आणि इतरांनी महाराष्ट्रातील १,०१,७६१ खेडूतांची तोंडे तपासून तोंडाचा कर्करोग व त्याआधीच्या खुणा यांचा अहवाल १९७२ साली प्रसिद्ध केला. तंबाखू, चुना आणि विडी यांचा हिशेब गालाच्या आत कसा उमटतो हे त्यांनी दाखविले. पण तो अभ्यास होता, पाळत नव्हे. अभ्यास संपतो आणि पथक परत जाते. पाळत ठेवायची तर कोणीतरी तेथेच राहिले पाहिजे.

२००२-०३ मध्ये भारतीय दंतपरिषदेने राष्ट्रीय मुखआरोग्य पाहणी व फ्लोराइडचा नकाशा केला. २००८-०९ मध्ये केंद्र सरकारने फ्लोरोसिस प्रतिबंध कार्यक्रम सुरू केला, ज्यात शाळकरी मुलांचे दात पाहून गावाची परीक्षा करावयाची असते. साथीच्या रोगांची खबर देणारी एकात्मिक योजना २००४ पासून आहे आणि २०२१ पासून ती संगणकाच्या जाळ्यावर चालते. त्याच वर्षी आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा देशभर आरंभ झाला. परंतु साथीची यंत्रणा ताप, अतिसार, कावीळ अशा धावत्या रोगांसाठी घडविलेली आहे. फ्लोरोसिस धावत नाही. तो दहा वर्षे एकाच हापशापाशी बसून राहतो.

दंतवैद्याच्या विद्युत्-नोंदीत तो सापडेल का? आजची बहुतेक दवाखान्यांतील नोंद बिलासाठी ठेवलेली असते. छत्तीस नंबरची दाढ भरली, सेहेचाळीस काढली, इतके पैसे. दाढ का बिघडली याला जागा असली तरी ती रिकामी राहते. डाग असला तर 'डागाळलेला दात' असे कोणी मुक्त हस्ताने लिहितो, कोणी काहीच लिहीत नाही. फ्लोराइडचा डाग, लहानपणच्या तापाचा खळगा आणि गुटख्याचा थर यांत भेद करण्यास नजर तयार व्हावी लागते, आणि दोन तपासणाऱ्यांच्या नजरा एकमेकांशी जुळवून घ्याव्या लागतात. डीनच्या सहा पायऱ्या ऐंशी-नव्वद वर्षांच्या जुन्या झाल्या, पण त्या लिहिण्याची सवय लागली तर आजही पुरेशा आहेत.

त्याहून मोठा दोष निराळाच आहे. संगणक ज्यांची नोंद करतो ती माणसे जबलपूरच्या नेपियर टाउनमधील दवाखान्याची पायरी चढलेली असतात. तिलईपानीचे मूल दात दुखला तर दातवण चावते, गालात तंबाखूची चिमूट धरते आणि दात पडेपर्यंत थांबते. नोंदींचा ढीग शहरात वाढत जाईल आणि त्यावरून काढलेला नकाशा असे दाखवील की रोग शहरात आहे व जंगल निरोगी आहे. नेमके उलटे असताना. म्हणून या भागात नोंद करणारे यंत्र दंतवैद्याच्या खुर्चीशेजारी असून भागत नाही, ते शाळेत जायला हवे: गावातील सात ते बारा वर्षांच्या प्रत्येक मुलाच्या वरच्या पटाश्यांचे छायाचित्र, डीनचा अंक आणि त्यापुढे एक साधा प्रश्न, आठ वर्षांचे होईपर्यंत कोणत्या हापशाचे पाणी प्यालास? हा शेवटचा रकाना विसरला तर बाकीचे सारे फुकट. मंडल्याची कुटुंबे मजुरीसाठी जबलपूर-नागपूरकडे जातात आणि मुले बरोबर नेतात. दात शहरात तपासला गेला तरी त्याचा दोष डोंगरातील पाण्याचा असू शकतो. नेपल्सच्या धक्क्यावर ईगरला जे दिसले ते हेच.

नाव, गाव आणि जमात यांसह मुलांचे दात सरकारी संगणकात जाणार, यात धोकाही आहे. वाकड्या पायांच्या आणि डागाळलेल्या दातांच्या गावाची बदनामी झाली, तर तेथील मुलींची लग्ने अडतात. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती मागितली आहे, ती योग्यच. पाळत ठेवण्यासाठी मुलाचे नाव लागतही नाही. वय, अंक आणि हापशाची खूण एवढे पुरते. बदलावयाचा असतो तो हापसा.

यवतमाळ, चंद्रपूर आणि नांदेड या जिल्ह्यांतही अशी गावे आहेत. तेथेही जमिनीखालचे पाणी तसेच खडकांतून येते आणि तेथेही शाळेच्या रांगेत उभ्या असलेल्या मुलांच्या दातांवर खडूसारखे पांढरे पट्टे दिसतात. पाणी बदलल्यावर ते पट्टे जात नाहीत. त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या पटाश्या सहा-सात वर्षांनी हिरडीतून वर येतात, तेव्हाच पाणी खरोखर बदलले की नाही हे कळते, आणि तोपर्यंत त्या मुलांची वही कोणीतरी उघडी ठेवलेली असावी लागते.